डॉक्टर, तुमची फसलेली केस दाखवाल?

मी हे एका बाईसाठी लिहिते आहे. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. आंघोळ झाली की ती मोरीच्या जाळीवरचे केस वेचते, घरात कुणाला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून टाकते, आणि मग मोबाइलवर केसरोपणाच्या जाहिराती बघत बसते. केस गेले म्हणून कुणी मरतं का, असं तिला सगळे सांगत असणार. मलाही सांगायचे. तिनं कुठल्याही दवाखान्यात सही करण्याआधी माझं ऐकावं, एवढीच इच्छा आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण तिची औषधं वेगळी असतील.

जांभळी रेघ

माझं नाव अर्चना. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. सुट्या भागांवरचे तडे आणि चरे शोधायचे, हे माझं रोजचं काम. राहते उस्मानपुऱ्यात, नवरा संदीप आणि मुलगी श्रेया यांच्याबरोबर. माहेर करमाडचं.

पस्तिशीनंतर माझं कपाळ मोठं व्हायला लागलं. आधी मला वाटलं, फोटो वाईट आलाय. मग भांग रुंद झाला. भांगात आग व्हायची, उन्हात उभं राहिल्यासारखी, पण सावलीतसुद्धा. तेलं बदलली, शाम्पू बदलले. शेवटी एका शनिवारी घरी काही न सांगता जालना रोडवरच्या एका चकचकीत केसांच्या क्लिनिकमध्ये गेले.

तिथं डॉक्टर भेटले नाहीत. पांढरा कोट घातलेली एक गोड मुलगी भेटली. तिनं माझे केस मागं घेतले आणि म्हणाली, "मॅम, काहीच टेन्शन नाही. फक्त हेअरलाइन खाली आणायची." जांभळ्या मार्करनं तिनं माझ्या कपाळावर रेघ ओढली आणि आरसा पुढं धरला.

त्या रेघेखाली माझा जुना चेहरा होता. लग्नातला. मी इतकी हरखले की हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"डॉक्टर कधी भेटतील?" मी विचारलं.

"प्रोसिजरच्या दिवशी भेटतील ना मॅम."

"तुम्ही रेघ ओढली तिथं फार आग होते मला."

"ते नॉर्मल आहे मॅम." तिनं बघितलंही नाही. ती तारीख शोधत होती.

आमच्या विभागात न बघता 'नॉर्मल' म्हणणाऱ्याला कुणी टेबलावर टिकू देत नाही. केवळ त्या सवयीनं मी उठले. त्यात शहाणपण काही नव्हतं. नसती तशी सवय, तर त्याच आठवड्यात मी त्या खुर्चीत झोपले असते.

रेघ पुसायचं मात्र राहून गेलं. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. संदीप यांनी दार उघडलं आणि हसले, "हे काय, प्लॉटची मोजणी झाली का?" मग माझा चेहरा बघून त्यांनी मला आत घेतलं आणि दार लावलं. खोबरेल तेल, साबण, सगळं लावलं, तरी ती रेघ बरेच दिवस पुसटशी राहिली. रोज सकाळी आरशात आधी ती दिसायची, मग मी.

निदान

त्वचारोगतज्ज्ञ डॉ. शिरसाट मॅडमकडं मला संदीपच घेऊन गेले. मॅडमनी भिंग लावून खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "आग होते का इथं?"

इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. मला रडू आलं. मॅडमनी रुमाल दिला आणि थांबल्या.

कपाळाच्या कडेच्या कातडीचा एक छोटा तुकडा तपासायला काढला, टाके घातले. रिपोर्टच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बसवलं आणि सरळ सांगितलं. "हे साधं केस गळणं नाही. तुमचं शरीरच केसांची मुळं मारतंय. मूळ मेलं की तिथं नुसता व्रण उरतो. गेलेले केस परत येणार नाहीत. आता जे आहेत ते वाचवायचे."

"रोपण केलं तर?" मी विचारलं.

"आत्ता लावलेले केसही हा आजार खाईल. शिवाय सुयांनी, कापण्यानं तो जास्त भडकू शकतो. आधी त्याला शांत करू. त्याला काही वर्षं लागतील. त्यानंतर बोलू."

मला त्या क्लिनिकमधल्या मुलीची आठवण झाली. मी त्या रेघेवर सही करणार होते.

निघताना दारात मी वळून विचारलं, "मॅडम, हे घराण्यात असतं का?"

"कधी कधी एकाच घरात दोघींना दिसतं. का? तुमच्यात होतं कुणाला?"

मी नाही म्हटलं. मला त्या वेळी कुणी आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

द्वारका आत्या

द्वारका आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला फर्दापूरला दिलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या नवऱ्यानं तिला करमाडला आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला आला नाही. कारण कुणी उघड बोलायचं नाही.

माझ्या लहानपणी ती आमच्याकडंच होती. आमच्या अंगाला तेल लावायची, गोष्टी सांगायची, भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर तूप-मीठ लावून द्यायची. पण आमच्या वेण्या तिनं कधी घातल्या नाहीत. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. रानात नाही, चुलीपुढं नाही, तापानं फणफणलेली असतानाही नाही.

मी तिला एकदाच पाहिलं. न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या पाठमोरी बसून डोक्यावर तांब्या ओतत होती आणि पाणी कुठंच न थांबता सरळ खाली घसरत होतं. सगळं डोकं चकचकीत, ताणलेलं, आणि मानेजवळ केसांची एक झालर. तिनं वळून पाहिलं. रागावली नाही. तळवा कपाळाच्या वर ठेवला आणि मी तिथून जाईपर्यंत तसाच धरून राहिली.

निदानानंतर मी आईला फोन केला. "आई, द्वारका आत्याला काय झालं होतं गं?"

"काय की बाई. लोकं म्हनायची, बाहेरचं लागलं. तुझ्या आज्यानं कुण्या बाबाकडं नेलं तिला. त्यानं डोक्याला कायतरी चोळलं. तवापासून तर लई आग व्हायची तिला."

"आधी होत नव्हती?"

"व्हायची गं. आधीपासूनच व्हायची. डोक्यात निखारं हायेत म्हनायची. आमी म्हनायचो, उगं काहीतरी."

आत्या वारून बरीच वर्षं झाली. तिचा पदराशिवायचा एकही फोटो नाही. कुठलाही कागद नाही. तिला हाच आजार होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही, असं शिरसाट मॅडमही म्हणाल्या. पण त्या फोननंतर ती माझ्या घरात आली. स्वप्नात यायची, पाठमोरी. कंपनीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेत माझा हात कपाळाच्या वर गेलेला दिसायचा आणि तो हात तिचा असायचा. मी तो खाली ओढायचे. थोड्या वेळानं पुन्हा वर गेलेला असायचा.

बाकावरच्या बाया

मग गोळ्या सुरू झाल्या, ज्यांच्यासाठी अधूनमधून डोळे तपासून घ्यावे लागायचे. आणि सुया. दर काही आठवड्यांनी कपाळाच्या कडेकडेनं, भांगातून, ओळीनं सुया. सुई आत जाताना दुखतंच, पण औषध सरकताना कवटीवर कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं होतं.

मॅडमच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर आम्ही बाया बसायचो, प्रत्येकीच्या डोक्यावर ओढणी, स्कार्फ नाहीतर पदर. कुणी कुणाला 'तुम्हाला काय झालंय' विचारायचं नाही. डबा उघडला की मात्र एकमेकींना द्यायचो. एकदा एक कॉलेजातली मुलगी हमसून रडायला लागली, तर तिच्या शेजारच्या म्हातारीनं काही न विचारता स्वतःचा अर्धा पदर तिच्या डोक्यावर ओढला. दोघी तशाच बसून राहिल्या, नाव पुकारेपर्यंत.

आतल्या खोलीत बेसिनवर एक आरसा होता, त्यावर वर्तमानपत्र चिकटवलेलं. मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "एका पेशंटनं लावलं होतं. मी काढलं नाही. काढू का?" मी नको म्हटलं. त्या दिवसांतला मोठा दिलासा म्हणून मला तो कागद आठवतो.

नसरीन

नसरीन माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. ती रोज हिजाब बांधते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, मला नीट, घसरणार नाही असा स्कार्फ बांधायला शिकव. तिला माझ्या आजाराचं माहीत होतं.

तिनं शिकवलं. "ये देख, इधर से पिन लगा. कान के पीछे से ले." मी आरशात बघत होते. ती माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "एक बात बोलूँ? बुरा नको मान. मैं ओढती तो मेरे कू अच्छा लगता. तू ओढ के ऐसी बैठती जैसे कोई पकड लिया तेरे कू."

मला राग आला. मी पिन काढायला लागले.

"अरे, ओढ ना. बस वालों के सामने ओढ, साहब के सामने ओढ. मेरे सामने मत ओढ. मेरे कू क्या करना है तेरे बालों का?"

त्यानंतर डबा खाताना मी स्कार्फ काढून ठेवायला लागले. तेवढा अर्धा तास डोक्याला वारा लागायचा. ती तिच्या नणंदेच्या तक्रारी सांगत राहायची आणि एकदाही माझ्या कपाळाकडं बघायची नाही. काही दिवसांनी तर बघायचीसुद्धा, आणि मला चालायचं.

"मला काही फरक पडत नाही"

हे वाक्य संदीप चांगल्या मनानं म्हणायचे. ऐकलं की मला वाटायचं, ज्यात माझा जीव अडकलाय त्यानं यांना काही फरकच पडत नाही! आणि फरक पडतो म्हणाले असते, तर तेही मला सोसलं नसतं. त्यांना कुठलंच उत्तर देऊन सुटका नव्हती.

आजार हळूहळू शांत झाला. आग कमी झाली, मग बंद झाली. मॅडम दर वेळी भिंग लावून म्हणायच्या, "शांत आहे." दोनेक वर्षं त्या असंच म्हणत राहिल्यावर एके दिवशी मी घरी म्हटलं, आता रोपणाचं बघू या.

संदीप ताडकन म्हणाले, "परत पेटवायचंय का?"

आमचं फार वाजलं. मी नको ते बोलले. डोकं तुमचं असतं तर, वगैरे. श्रेया आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवत गेली. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले, "तू सुया घेताना माझा हात धरतेस. त्या हाताला काय होतं, ते कधी विचारलंस? तू आत स्कार्फ बांधत असतेस तेव्हा मी जिन्यात जाऊन बसतो, तुला दिसू नये म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त स्वतःच्या डोक्याकडं बघत होते.

त्या भांडणातून एक गोष्ट ठरली. सर्जन शोधायचा, पण दोघांनी मिळून. प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारायचा, त्यांनी एक. माझा प्रश्न: तुमची फसलेली केस दाखवाल? त्यांचा प्रश्न: परत पेटलं तर आमच्याबरोबर कोण असेल?

तीन सर्जन

पहिले पुण्याचे, नावाजलेले. बोलायला फार छान. माझी फाइल त्यांनी उघडली नाही, तिच्यावर कोपर ठेवून बोलत राहिले. "जुनं आहे ना हे? शांत आहे ना? मग झालं. करून टाकू." माझा प्रश्न ऐकून हसले. "मॅडम, फेल्युअर पेशंटमुळं होतं. काळजी घेत नाहीत." संदीप यांनी त्यांचा प्रश्न विचारलाच नाही. उठले.

दुसरे आमच्याच शहरातले. त्यांना माझ्या प्रश्नाचा राग आला. "विश्वास नसेल तर येऊ नये माणसानं." पण राग ओसरल्यावर त्यांनी फाइल पूर्ण वाचली आणि म्हणाले, "खरं सांगू का? माझं काम पुरुषांच्या टकलाचं. व्रणावरचं काम मी फार केलेलं नाही. मी केलं तर शिकत शिकत करीन." त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनीच तिसऱ्याचं नाव सांगितलं.

तिसरे डॉ. मोमीन. छोटासा दवाखाना, वर पंखा, भिंतीवर एकही आधीचा-नंतरचा फोटो नाही. त्यांनी फाइल वाचली, आमच्यासमोर शिरसाट मॅडमना फोन लावला, मग म्हणाले, "मी नाही म्हणणार आहे असं धरून चला. मग बोलू. म्हणजे तुम्हाला माझं ऐकू येईल."

ते म्हणाले, एकदम सगळं कपाळ भरायचं नाही. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आधी लावून बघायचं आणि वर्षभर थांबायचं. व्रणाच्या जागी रक्त कमी पोचतं, त्यामुळं सगळे धरणार नाहीत. धरले तरी आजार परत उठला, तर तेही जातील.

"आणि हे कोण करणार? तुम्ही, की तुमची माणसं?" मी विचारलं. हा प्रश्न मी ठरवलेला नव्हता, पण पहिल्या क्लिनिकपासून तो माझ्या मनात होता.

"केस काढणं आणि छिद्रं करणं माझ्या हातानं. बसवायला दोन सहकारी असतात, तेव्हा मी खोलीतच असतो. मधे उठून दुसऱ्या पेशंटकडं जात नाही."

मग मी फसलेली केस विचारली. त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. चेहरा झाकलेला एका बाईचा फोटो. केस भरलेलं कपाळ. पुढचा फोटो तिचाच, तीन वर्षांनंतरचा. गुळगुळीत.

"माझंच काम," ते म्हणाले. "आजार आतून उठला आणि मला उशिरा कळलं. त्यांना मी दर सहा महिन्यांनी बोलवायला हवं होतं. मी वर्षानं बोलावत होतो. आता कुणालाच तसं बोलवत नाही."

"त्या येतात अजून?" संदीप यांनी विचारलं.

"येतात. आधी माझ्यावर चिडून यायच्या. आता नुसत्या येतात."

संदीप यांनी त्यांचा प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "शिरसाट मॅडम असतील. आणि मी त्यांच्या ओपीडीत येऊन उभा राहीन. एवढंच सांगू शकतो."

कमलताई

ती गुळगुळीत कपाळाची बाई माझ्या मनातून जाईना. द्वारका आत्याच्या शेजारी ती येऊन बसली. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांच्याशी बोलता येईल का? त्यांनी आधी तिला विचारलं. एका रविवारी तिचाच फोन आला. वैजापूरकडची, कमल नावाची. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी ताई म्हटलं.

"इचारा, बाई. काय इचारायचं ते इचारा," ती म्हणाली.

"पश्चात्ताप होतो का?"

"तीन वर्सं भेटली मला. पोराचं लगीन त्याच तीन वर्सांत झालं. सगळ्या फोटूत मी बिनपदराची हाय. सून म्हनती, आत्याबाई, काय दिसता तुमी."

"आणि मग परत गेले, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त दुःख झालं?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. अशा वेळी माणसं नाही म्हणतात.

"व्हय," ती म्हणाली. "लई जास्त. पहिल्या वेळंला हळूहळू गेलते. दुसऱ्या वेळंला मला ठावं होतं काय जातंय ते."

"मग मी करू का नको, ताई?"

"ते मी कसं सांगू? माझं मला अजून समजना."

एवढ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात खरं उत्तर ते होतं. संदीप यांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला एकदा बघायचंय." ते म्हणाले, "मग बघू."

नाण्याएवढी जागा

डोक्याच्या मागच्या बाजूचे थोडे केस भादरले, तिथलीच मुळं काढून पुढं लावायची होती. मान खाली घालून पालथी झोपले. बधिर करायच्या सुया टोचल्या, त्यांची मला सवय होती. नंतर दुखलं नाही, पण आवाज यायचा. कातडीतून काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज, कवटीच्या आतून ऐकू येणारा. तो आवाज अजूनही कधी कधी गादीवर डोकं टेकलं की येतो.

डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा. काहीही बोला." आणि माझ्या तोंडून द्वारका आत्या निघाली. न्हाणी, पदर, तो बाबा, निखारे. मग केस बसवायला मदत करणारी बाई हळूच म्हणाली, "माझ्या मावशीचं असंच होतं. आम्ही तिला घाबरायचो." डॉक्टरांचा हात तेवढा एक क्षण थांबला, मग पुन्हा चालू झाला.

काही आठवड्यांत लावलेले सगळे केस गळून पडले. तसं होणार, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. मूळ आत राहतं, केस नंतर येतो. मला ते पाठ होतं. तरी उशीवरचे ते बारके केस मी एकेक वेचून कागदात गुंडाळले. मी त्या दिवशी कामावर गेले नाही.

मग पावसाळा संपता संपता तिथं काळे ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांच्या काड्या झाल्या, काड्यांचे केस. सगळे नाही आले. बरेचसे आले. मागचे केस जाड असतात, त्यामुळं तेवढा झुपका भोवतालच्यापेक्षा काळा, जरा उर्मट दिसायचा. एकदा कणीक मळताना केस डोळ्यावर आले आणि मी मनगटानं मागं सारले. सारले आणि तशीच थांबले. कित्येक वर्षांत माझ्या डोळ्यांवर केस आले नव्हते. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग कमलताईचा आवाज आला. मला ठावं होतं काय जातंय ते.

लाली

वर्ष होत आलं तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेचं बोलणं सुरू झालं. त्याआधीच्या तपासणीत शिरसाट मॅडमनी भिंग लावलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून ठेवलं. मला कळलं. भिंग काढण्याआधीच कळलं.

"दोन केसांभोवती लाली आहे," त्या म्हणाल्या.

डॉ. मोमीन त्याच आठवड्यात खरंच त्यांच्या ओपीडीत आले. दोघांनी आळीपाळीनं बघितलं. सुया पुन्हा सुरू झाल्या. डॉ. मोमीन म्हणाले, "मोठं काम मी करणार नाही. आता नाही. आणखी दोन वर्षं शांत राहिलं, तर परत विचारा."

मी परत विचारणार नाही, असं ठरवलं आहे. त्यात शौर्य काही नाही. पुन्हा लावायचे, पुन्हा गळताना बघायचे, पुन्हा वाट बघायची, तेवढी ताकद आता माझ्यात उरलेली नाही. लावले त्याचा पश्चात्ताप मात्र नाही. ते नाण्याएवढे केस आज तरी आहेत. कडेचे काही गेले. उरलेल्यांचं काय होईल, मला माहीत नाही. द्वारका आत्या अजूनही येते. येऊन बसते. मी तिला घालवत नाही.

आता भीती माझ्या डोक्याची राहिली नाही. श्रेया तेरा वर्षांची आहे, तिचे केस कमरेपर्यंत आहेत. तिच्या वेण्या मीच घालते. एका सकाळी ती म्हणाली, "आई, तू वेणी घालतेस का काही शोधतेस?"

माझे हात थांबले. मी तिला समोर बसवलं आणि द्वारका आत्याची गोष्ट सांगितली. माझी तिला माहीत होतीच. आत्याची नव्हती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्या आजीला कुणी विचारलंच नाही का, दुखतं का म्हणून?"

"नाही."

"मग तू मला विचारत जा. शोधत नको जाऊस."

आता मी विचारते. भांग पाडायच्या आधी, रोज नाही, अधूनमधून. ती सांगते, "काही नाही गं." मग वेणी झाली की ती उठते, माझ्या मागं येऊन उभी राहते, माझा स्कार्फ सोडते आणि मला विचारते, आज कसं आहे. मी तिला खरं सांगते.